विमानात न बसलेली खुर्ची

मी विमानातली एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. पण विमान मी अजून पाहिलेले नाही. पहिल्याच वाक्याला तुमचा गोंधळ उडाला असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. माझाही उडालेला आहे, आणि साडेचार वर्षे झाली तरी तो पुरता गेलेला नाही. साडेचार वर्षे म्हणजे काही फार वय नव्हे. पण ज्या कामासाठी आपण जन्मलो ते काम एकदाही केले नाही, की वस्तू लवकर जुनी होते.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एक कारखाना आहे. त्याच्या चाचणीच्या खोलीत, खिडकीजवळच्या कोपऱ्यात मी उभी असते. माझ्या पाठीवर लाल पट्टी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर 'वापरू नये' असे लिहिले आहे. तरीही दोन-चार महिन्यांतून एकदा कुणाला तरी आणून मुद्दाम माझ्यावर बसवतात. असे का, ते ओघाने येईलच.

माझा सांगाडा दुसऱ्या एका कारखान्यात तयार झाला आणि लाकडी पेटीत बंद होऊन ट्रकमधून इथे आला. फोम इथे कापला गेला. माझ्यावरचे मऊ, तपकिरी चामड्याचे कव्हर शिवले ते सरिताने.

सरिता शेंद्रा गावातलीच. कारखान्यात येण्याआधी ती घरी मशीनवर ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवत असे. चामड्याला सुई एकदा चुकली की भोक कायमचे राहते, म्हणून ती फार हळू शिवायची. प्रत्येक शिवणीवरून अंगठ्याचे नख फिरवून बघायची. कव्हरच्या आतल्या बाजूला शिवणाऱ्या बाईचा क्रमांक टाकायची पद्धत होती. माझ्या आत सतरा आकडा आहे. तो सरिताचा. पाच दिवस तिचे हात माझ्यावरून फिरत होते, पण ती माझ्यावर एकदाही बसली नाही. तयार मालावर कुणी बसायचे नाही, असा नियम होता. बसण्यासाठीच जी वस्तू बनवली, तिच्यावर बनवणाऱ्यानेच बसू नये, हा माझ्या आयुष्यातला पहिला गोंधळ.

दुसरा त्याहून मोठा होता. मी ज्या विमान कंपनीसाठी बनले, तिच्या विमानात फक्त चौसष्ट खुर्च्या असणार होत्या आणि त्या सगळ्या माझ्यासारख्याच रुंद, बटण दाबले की पार पलंगासारख्या आडव्या होणाऱ्या. एरवी त्याच विमानात दीडशेच्या वर माणसे बसतात म्हणे. पुढे थोड्या मोठ्या खुर्च्या आणि मागे पुष्कळ लहान. या विमानात मात्र मागचा भागच नव्हता. जेवणाच्या सुट्टीत बायका यावर पुष्कळ बोलत. सगळेच जर पुढचे, तर पुढे म्हणायचे तरी कशाच्या, असा त्यांचा प्रश्न असे. मला तो पटायचा. आजही उत्तर मिळालेले नाही.

चौसष्ट खुर्च्या करण्याआधी एक नमुना करून तपासायचा असतो. तो नमुना म्हणजे मी. माझ्यावर वजने टाकली, माझे बटण हजारो वेळा दाबले, माझ्या चामड्यावर चहा सांडून पाहिला. या सगळ्यात मी उत्तीर्ण झाले. राजेंद्रसाहेब, म्हणजे आमचे व्यवस्थापक, माझ्या पाठीवर हात ठेवून पाहुण्यांना माझी ओळख करून देत. मला फार अभिमान वाटायचा. शेवटची परीक्षा उरली होती ती आरामाची.

ती घेणार होती करुणा. ती पाचोडची. इंजिनिअर होऊन वर्षाच्या करारावर आमच्याकडे लागली होती. पाच फूट उंच असेल-नसेल. खांद्याला कायम एक कापडी पिशवी. परीक्षा अशी होती, की वेगवेगळ्या उंचीच्या आणि वयाच्या आठ माणसांनी एकेक दिवस माझ्यावर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच बसायचे. जेवण, चहा, डुलकी सगळे तिथेच. दर तासाला एक कागद समोर यायचा. त्यावर पाच चेहरे काढलेले होते. पहिला हसरा, शेवटचा रडवा. आपल्याला कसे वाटते आहे त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचे. करुणा खूण करून कागद बाजूला ठेवी.

सात दिवसांत सात माणसे बसून गेली. सगळी धडधाकट, बहुतेक उंच. सगळ्यांनी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवले. आठव्या दिवसासाठी साठीच्या पुढची, ठेंगणी बाई हवी होती. ती काही मिळेना. तेव्हा सरिताने आपल्या सासूचे नाव सुचवले.

मनकर्णाबाई आल्या त्या इस्त्रीचे पांढरे लुगडे नेसून. आयुष्यभर खुरपणीला गेलेल्या बाईचे हात जसे असतात तसे त्यांचे हात होते. त्यांनी दारातच "जय भीम" केला, करुणानेही उलट केला आणि त्यांना हात धरून माझ्यापर्यंत आणले. बसायच्या आधी त्यांनी माझे चामडे चिमटीत धरून बघितले. सरिता त्या दिवशी हातातले काम थोडा वेळ बाजूला ठेवून मुद्दाम दारात येऊन उभी राहिली होती. आपण शिवलेल्यावर आपले माणूस बसते आहे, हे तिला डोळ्यांनी बघायचे होते.

करुणाने त्यांना विमानाची माहिती सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "सगळे मोठेच बसतेत, मंग बारकी लोकं कशानं जातेत?"

करुणा हसली आणि तिने चेहऱ्यांचा कागद पुढे केला.

त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. नऊला हसरा चेहरा. दहाला हसरा. अकराला त्यांनी बूड किंचित पुढे सरकवले, पुन्हा मागे घेतले, आणि हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवले. मला माझ्या मऊपणाची इतकी खात्री होती, की त्या एवढ्या हलतात का, हेच मला कळेना. बारालाही हसरा. जेवणात त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली. एक वाजता हसरा, दोनला हसरा. तीन वाजता करुणाने विचारले, थोडे उठून पाय मोकळे करायचेत का? त्या हो म्हणाल्या. माझ्या हातांवर भार देऊन उठल्या, एक पाऊल टाकले आणि कोसळल्या.

डावा हात अंगाखाली आला. आवाज मोठा झाला नाही. सरिता शिवणाच्या खोलीतून धावत आली तेव्हा करुणा त्यांना भिंतीला टेकवून बसवत होती. मनकर्णाबाई स्वतःच्या पायांकडे परक्याच्या पायांकडे बघावे तशा बघत होत्या.

"पाय कुठं गेले माझे, तेच कळंना," त्या म्हणाल्या.

करुणाने त्यांचे तळवे चोळले. मग तिने तो कागद उचलला, त्यावरच्या सहा हसऱ्या खुणा बघितल्या आणि हळूच विचारले, की आजी, दुखत होते तर तुम्ही या चेहऱ्यावर बोट का ठेवलेत?

मनकर्णाबाईंनी आधी सुनेकडे बघितले. मग म्हणाल्या, "सुनंच्या हातचं हाय. वाईट कसं म्हनू?"

सरिताने सासूचा पदर सारखा केला. मनगट सुजत चालले होते. कंपनीच्या गाडीने दोघी दवाखान्यात गेल्या. हाड मोडलेले नव्हते; मुरगळले होते. महिनाभर पट्टी.

मित्रांनो, त्या दिवशी माझे काय झाले ते मला नीट सांगता येणार नाही. मी दुखवू शकते, हेच मला ठाऊक नव्हते. मी मऊ होते. माझ्यावर लिहिलेले सगळे कागद हसत होते. मग ती बाई पडली कशी? खरे कोण, कागद की तिचे पाय? आणि कागद खोटे असतील, तर आधीचे सात कागद तरी खरे कशावरून? मी कोपऱ्यात उभी राहून हाच विचार करत राहिले आणि प्रत्येक फेरीला अधिकच गोंधळत गेले.

राजेंद्रसाहेबांपुढे असा गोंधळ नव्हता. महिनाअखेरीला चौसष्ट खुर्च्या रवाना व्हायच्या होत्या. घाईमुळे माझी परीक्षा संपायच्या आधीच तीस तयार होऊन उभ्या होत्या. त्यांनी मनकर्णाबाईंची चौकशी केली, औषधपाण्याचे बघायला सांगितले, आणि मग करुणाला म्हणाले की वय झालेले आहे, सकाळी नीट खाल्लेले नसेल, चक्कर आली असेल. कागद हसरा आहे. तसाच फायलीला लाव. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्यामागे तारीख लागलेली होती.

करुणाने एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ती स्वतःच माझ्यावर बसली.

तिचेही पाय जेमतेम टेकत होते. तिने पुस्तक उघडले नाही, फोन बघितला नाही, फक्त बसली. अकराच्या सुमाराला ती पुढेमागे सरकली. बाराला तिने मांडीखाली हात घालून बघितला. दीड वाजता ती भिंत धरून उठली आणि एका पायावर उभी राहिली; दुसरा पाय हलवत राहिली. पण तिच्या चेहऱ्यावर मला खात्री दिसली नाही. कालचे मनात होते म्हणूनच तर आपल्याला असे वाटले नाही ना, असे ती स्वतःशीच पुटपुटली. म्हणजे तीही माझ्याइतकीच गोंधळलेली होती. त्याने मला थोडा धीर आला.

मग तिने सरिताला बोलावले आणि माझे पुढचे कव्हर उसवायला सांगितले.

सरिता कालपासून तिच्याशी धड बोलत नव्हती. सासूला इथे आणले याचा तिला स्वतःचाच राग येत होता आणि तो करुणावर निघत होता. शिवाय भीती होती. शिवण जास्त ताणली गेली असेल, तिथेच काचत असेल, तर आत सतरा आकडा होताच. पुढच्या तीस कव्हरांपैकी निम्म्यांवर तो होता. ती कात्री घेऊन माझ्यासमोर खाली बसली.

"माझी चूक निघाली तर तसंच लिवा, मॅडम," ती म्हणाली. "पर आधी मला दावा."

तिने टाका टाका करून मला उसवले. मला वेदना होत नाहीत, पण आपल्याला जिने जोडले तीच आपल्याला उघडते आहे, हे फार विचित्र वाटते. चामडे बाजूला झाले. शिवण सरळ होती. कुठेही ताण नव्हता. फोमवर मात्र, पुढच्या काठापासून चार बोटे आत, एक आडवी रेघ दबलेली होती. एखाद्या उशीवर काठी ठेवून दिवसभर दाबावी तशी. सरिताने त्या रेघेत बोट घातले आणि करुणाचा हात धरून तिथे ठेवला. फोमच्या खाली पाय टेकवायच्या फळीची लोखंडी दांडी होती. ती दोन बोटे वर बसवलेली होती. उंच माणसाचे पाय जमिनीवर टेकतात, त्याची मांडी जरा वर उचललेली राहते. त्याला ती लागतच नाही. ठेंगण्या माणसाच्या पायांचा सगळा भार मात्र नेमका तिच्यावर येतो.

माझ्या आतच ते होते, मित्रांनो. जन्मापासून होते. आणि मला माहीत नव्हते.

सरिताच्या डोळ्यांत पाणी आले, पण ते सुटकेचे होते की सासूच्या आठवणीचे, मला कळले नाही. बहुधा तिलाही कळले नसावे.

करुणाने अहवाल लिहिला आणि राजेंद्रसाहेबांच्या टेबलावर ठेवला. ते तो घेऊन चाचणीच्या खोलीतच आले; करुणा आणि सरिता तिथेच होत्या. उघड्या फोमकडे त्यांनी नजर टाकली, पण वाकून बघितले नाही. त्यांचे म्हणणे साधे होते. आराखडा आपला नाही, सांगाडा आपला नाही, आपण फक्त दिलेले शिवायचे. सात जणांना काही झालेले नाही. त्या विमानातून जाणारे लोक वेगळे, धष्टपुष्ट. आणि आठव्या बाईनेही स्वतःच्या बोटाने 'छान' म्हटले आहे. अहवालातले पडल्याचे वाक्य तेवढे काढून टाक.

करुणाचा करार मार्चमध्ये संपत होता आणि तो वाढवायचा की नाही हे त्यांच्याच हातात होते. हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होते; मला धरून चौघांना.

करुणा म्हणाली, "सर, त्या पडल्या हे मी पाहिलंय. मला ते खोडता येणार नाही. खोडायचंच असेल तर तुम्ही खोडा आणि खाली सही करा."

मग राजेंद्रसाहेबांनी एक गोष्ट केली जी मला आजही नीट समजलेली नाही. ते माझ्यावर बसले. उसवलेल्या, अर्ध्या उघड्या माझ्यावर. त्यांनी पाय जमिनीवरून उचलून अधांतरी धरले आणि तसेच बसले. पाच-सात मिनिटांनी ते उठले, पँट झटकली, अहवालाखाली सही केली आणि म्हणाले, आज मला बऱ्याच ठिकाणी बोलणी खायची आहेत, चहा पाठवा. पडल्याचे वाक्य त्यांनी खोडले नव्हते.

तीस खुर्च्या उसवल्या गेल्या. नवे सांगाडे यायला तीन आठवडे लागले. दांडी खाली गेली, पुढच्या काठाला अधिक नरम फोम आला. मग पहिली सुधारलेली खुर्ची चाचणीच्या खोलीत, माझ्याशेजारी आणून ठेवली. नियम असा होता की आधीच्याच आठ जणांनी पुन्हा बसायचे. मनकर्णाबाईंनी आधी साफ नकार दिला. सरिताने घरी काय सांगितले कोण जाणे, पण मनगटाची पट्टी सुटल्यावर त्या आल्या. माझ्याकडे बघितले, मला ओळखले, आणि वळसा घालून तिच्याकडे गेल्या.

मला राग यायला हवा होता की आनंद व्हायला हवा होता? मला दोन्ही वाटले.

या वेळी करुणाने चेहऱ्यांचा कागद काढलाच नाही. ती समोर स्टूल घेऊन बसली आणि म्हणाली, "आजी, आज मला नावं ठेवायला शिकवा."

एकदा बांध सुटल्यावर मनकर्णाबाई थांबेनात. डोक्यामागची उशी अंबाड्याला ढकलते, मान पुढे येते. पट्टा पोटावर नाही, बरगडीवर येतो. बटण कुठले कशाचे ते कळत नाही, सगळी सारखीच. हात ठेवायची जागा पुरुषाच्या मापाची आहे. पायाचे काय, असे विचारले तेव्हा त्या थांबल्या, जरा विचार केला आणि पायाचे काही नाही म्हणाल्या. करुणा सगळे लिहून घेत होती. जेवण झाले. दुपारी कधीतरी त्यांनी पाय वर घेतले, त्या रुंद खुर्चीत ऐसपैस मांडी घातली आणि बोलता बोलता झोपी गेल्या.

पाच वाजता खुर्ची घ्यायला माणसे आली. विमान कंपनीचे दोन पाहुणेही बरोबर होते. त्यांना ती तपासून त्याच संध्याकाळी पेटीत घालायची होती. मागून राजेंद्रसाहेब आले. मांडी घालून, तोंड किंचित उघडे ठेवून झोपलेल्या त्या म्हातारीकडे सगळे बघत राहिले. पाहुण्यांपैकी एकाने घड्याळात पाहिले. सरिता सासूला उठवायला पुढे झाली. राजेंद्रसाहेबांनी तिला हाताने थांबवले आणि पाहुण्यांना चहाला घेऊन गेले.

अर्ध्या तासाने मनकर्णाबाई आपोआप जाग्या झाल्या. पाय खाली सोडले, उठल्या आणि कशालाही न धरता दारापर्यंत चालत गेल्या. करुणा आणि सरिता दोघीही त्यांच्या पायांकडे बघत होत्या. दारात त्या थबकल्या, खाली बघितले आणि परत वळल्या, कारण चपला खुर्चीपाशीच राहिल्या होत्या.

"फरशी गार लागती की," त्या म्हणाल्या.

करुणाने ते वाक्य जसेच्या तसे अहवालात लिहिले. अभिप्रायाच्या रकान्यात आजही ते आहे.

पुढचे थोडक्यात सांगते. चौसष्ट बहिणी गेल्या. ती विमान कंपनी दीड-दोन वर्षे चालली आणि बंद पडली. माझ्या बहिणी दुसऱ्या विमानांत लागल्या, असे कुणी म्हणते; भंगारात गेल्या, असेही कुणी म्हणते. करुणाचा करार मार्चमध्ये वाढवला गेला नाही. त्या अहवालामुळे, की काम कमी झाल्यामुळे, हे मला समजले नाही, आणि राजेंद्रसाहेबांनी ते कुणाला सांगितले नाही. ती आता चिकलठाण्याला दुसऱ्या कारखान्यात आहे. तिथे दवाखान्यातल्या खाटा बनतात.

सरिता शिवणाच्या खोलीची प्रमुख झाली आहे. तिने मला पुन्हा शिवले, पण ती दांडी तशीच ठेवायला लावली. नवी मुलगी कामाला लागली की सरिता तिला आधी माझ्यावर आणून बसवते आणि मुंग्या येईपर्यंत उठू देत नाही. मग तिच्या हाती सुई देते. हा माझा मान आहे की अपमान, याचा मी अजून विचार करते आहे.

मात्र एवढा एक गोंधळ सुटला आहे, म्हणून तुम्हाला सांगते. मित्रांनो, तुमच्या घरी, वर्गात, गाडीत कुणी बसलेले असेल तर त्याला ठीक आहे का म्हणून जरूर विचारा. पण लोक भिडेखातर हो म्हणतात, आपल्या माणसासाठी हो म्हणतात. तेव्हा विचारून लगेच वळू नका. ते उठून चालायला लागेपर्यंत थांबा, आणि त्यांच्या पायांकडे बघा.